उष्टी बोंडं

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी वाद घालायला नको. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. इथे बरेच जण लिहितात ना, "मी मुळीच मानत नव्हतो, पण…" आणि मग शेवटी कुठला तरी अंगारा, कुठला तरी बाबा. तसलं माझ्याकडे काही मिळणार नाही. मी उभा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढला. शवागाराची किल्ली कित्येक वर्षं माझ्याच ताब्यात असायची. नवीन पोरी "सिस्टर, मागून कुणीतरी हाक मारली" म्हणत रडत यायच्या, तेव्हा त्यांना चहा पाजायचा आणि परत वॉर्डात पिटाळायचं, हे काम माझं.

आणि त्याच्याही आधीचं सांगायचं, तर आमचं घर छप्पनच्या दीक्षेतलं. घरातले देव बाबांनी माझ्या जन्माआधीच नदीत सोडले होते. ज्या घरात देवच नाहीत, तिथे भुतं कोणाच्या भरवशावर येणार?

तरी हे लिहिते आहे. आमच्या घरातलं हे जाणणारी मी एकटीच उरले आहे, आणि माझंही वय झालं… म्हणून.

गाव इंझोरीच्या बाजूचं. नाव देत नाही, आमची माणसं अजून तिथे राहतात. आता तो वाशिम जिल्हा, तेव्हा आम्ही अकोल्यात मोडायचो. साल पंचाहत्तर. मोठ्या दुष्काळातून गाव नुकतं कुठे उठून बसलं होतं आणि त्या वर्षी कापूस बरा आला होता. मी तेव्हा पंधरा वर्षांची. घरात माय, बाबा आणि मी. त्याच्या आदल्या वर्षापर्यंत आम्ही चौघं होतो.

चौथी म्हणजे माझी थोरली बहीण, कमल. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून मी तिला बाईच म्हणायची. ती मॅट्रिक झाली होती, आमच्या वस्तीतली पहिली मुलगी. दिसायला साधी, बोलायला तिखट. शाळा सुटल्यावर ती आणि मी रुखमाकाकूंच्या शेतात कापूस वेचायला जायचो. रुखमाकाकू म्हणजे शेताची मालकीण, कुणब्याची बाई, नवरा गेल्यावर शेती स्वतः पाहायची. तोंडाने फटकळ, पण तिच्या मनात काही नसायचं.

आता इथे कापसाबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण सगळं त्याच्यावरच आहे. बोंड फुटलं की त्यात कापसाच्या चार-पाच पाकळ्या असतात. हात बसलेली बाई पाचही बोटं एकदम घालते आणि एका झटक्यात बोंड रिकामं करून कमरेच्या ओटीत टाकते. बाईचं मात्र तसं नव्हतं. लहानपणी गवत कापताना विळा लागून तिच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट कायमचं ताठ झालं होतं. ते आडवं यायचं. त्यामुळे तिच्या दर बोंडात एक पाकळी मागे राहायची, आणि ओढाताणीत त्या पाकळीला पीळ बसायचा, वातीला बसतो तसा. बाई पुढे वेचत जायची आणि मी तिच्या मागून त्या पिळलेल्या पाकळ्या काढत जायची. रुखमाकाकू बांधावरून मला हाक मारून ओरडायची, "इमल, पाय वं, तुह्या बाईनं उष्टं ठेवलं!"

उष्टं. हा शब्द आमच्या घरात बंद होता. बाबांच्या लहानपणी आजी गावजेवणानंतर पत्रावळींवरचं उरलेलं गोळा करून आणायची आणि तेच घरी सगळ्यांनी खायचं. दीक्षा घेतल्यावर बाबांनी ते बंद केलंच, वर तो शब्दही उंबऱ्याच्या बाहेर घालवला. ताटात भाकरीचा तुकडा राहिला तर "राहिला" म्हणायचं. आम्ही पोरी एकमेकींच्या पेल्यातलं पाणीसुद्धा बाबांसमोर प्यायचो नाही. एकदा शेतात काकूच्या तोंडून तो शब्द त्यांच्या कानावर पडला, तर उठून चालते झाले. काकू बिचारी गोंधळली, आपलं काय चुकलं तिला कळेना.

अर्थात आम्हा दोघींना त्यातच गंमत वाटायची. घरी बंद असलेला शब्द शेतात मोकळा. बाई एखादं बोंड मुद्दाम अर्धं सोडायची, मागे वळून डोळे मिचकावायची आणि हळूच म्हणायची, "खाय माह्यं उष्टं."

आदल्या वर्षीच्या दिवाळीनंतर बाईला मानोऱ्याकडचं स्थळ आलं. बाबा शेलूबाजारला हमाली करायचे. तिथल्याच ओळखीतलं घर होतं, बाबांनी होकार देऊन टाकला. बाईला नर्सचं ट्रेनिंग करायचं होतं. तिने सरळ सांगितलं, "मले अकोल्याले जाचं हाय. मी लगन नाई करत." बाबांनी शब्द दिलेला. बोलण्यावर बोलणं वाढलं, आणि ज्या माणसाने आम्हाला कधी टपलीसुद्धा मारली नव्हती त्याने बाईच्या तोंडात मारली. बाई रडली नाही. दारात उभी राहून सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलली, "मी इहिरीत जीव देईन, पन थ्या घरी नाई जानार."

एवढं एकच वाक्य. रागाच्या भरात कोण काय बोलत नाही?

पण थोड्या दिवसांनी ती विहिरीतच सापडली.

रुखमाकाकूंच्या शेताच्या नाल्याकडच्या कोपऱ्यात एक पडकी विहीर आहे. मोट कधीच बंद झालेली, कडेला घाणेरीचं रान, एका बाजूला शेंदूर फासलेले सात दगड. आसरांची, म्हणजे पाण्यातल्या सात देवींची जागा. गावातल्या बायका तिथे वर्षातून एकदा नैवेद्य ठेवायला जायच्या आणि मागे न बघता परत यायच्या. त्या दिवशी दुपारी बाकीच्या बाया कापूस मोजून घेण्यासाठी बांधावर जमल्या, तेव्हा बाई त्यांच्यात नव्हती. सगळ्यांना वाटलं, घरी गेली असेल. मी त्या दिवशी वेचायला गेले नव्हते; घरी आम्हाला वाटलं, शेतात असेल. रात्रभर शोधाशोध झाली आणि सकाळी लोकांनी तिला मोटेच्या बाजूने दोर टाकून वर काढलं.

तिचं तिकडे काही कामच नव्हतं. घराची वाट उलट्या दिशेला. त्यामुळे कुणी फार विचार केला नाही. बोलली होती, केलं. पोलीस आले, लिहून घेऊन गेले. आसरांनी नेली म्हणणारे चार, पोटुशी असेल म्हणणारे दोन, पण उडी मारली याबद्दल कुणालाच शंका नव्हती. आम्हालाही नव्हती, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

माय बाबांना एकदाच म्हणाली, "तुमी खाल्लं माह्या पोरीले." त्यानंतर ती त्यांच्याशी बोललीच नाही. ताट वाढून सरकवायची, बस.  बाबांनी बाईचं नाव घेणं सोडलं. रोज संध्याकाळी तसबिरीसमोर वंदना म्हणायचे, तीही सोडली. रात्री झोपायचे नाहीत. ओझी वाहून वाहून त्यांची मान कायम दुखायची, ते उशाला घडी घातलेलं पोतं घेऊन पडायचे, थोड्या वेळाने उठून बसायचे, आणि तसेच भिंतीला टेकून उजाडायचे. पूर्वी बाई त्यांच्या मानेला तेल चोळून द्यायची. मी एकदा वाटी घेऊन गेले तर त्यांनी हाताने नको म्हटलं. माणूस दिवसेंदिवस वाळत चालला होता. मी शाळा सोडली, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. बाईचे कपडे मायने पेटीत जपून ठेवायला काढले, तेव्हा तिचा शाळेचा निळा स्कर्ट काही सापडला नाही. मायने घर उलथंपालथं केलं. बाईचा वास असलेलं तेवढंच एक जुनं कापड होतं, आणि तेच नाही. माय त्यावरून कितीतरी दिवस रडत होती.

वर्ष गेलं. पुन्हा कापूस फुटला. रुखमाकाकूने रीतीप्रमाणे पहिल्या वेच्याआधी शेतात सीतादही केली, दहीभात चहूकडे उडवला. आम्ही वस्तीतल्या बाया नेहमीसारख्या बाजूला उभ्या. मग वेचणी लागली. नाल्याकडचे तास… आमच्याकडे ओळीला तास म्हणतात… तर ते तास घ्यायला एकही बाई तयार होईना. विहीर तिकडे. पऱ्हाटी पांढरीशुभ्र उभी, आणि सगळ्या एकमेकींकडे बघतात. मी म्हटलं, "मी घेतो." मला भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर मला तिकडेच जायचं होतं. मला बाईचा राग आला होता. अशी कशी गेली, माझा विचार केला नाही, असं मला तिला विचारायचं होतं. पंधराव्या वर्षी माणूस असले हिशेब मेलेल्या माणसाशीही मांडतो.

दुपारची वेळ. ऊन चांगलंच चढलं होतं. बाकीच्या बाया शेताच्या दुसऱ्या टोकाला, त्यांचं बोलणं मधूनच वाऱ्यावर यायचं. मी निम्मा तास वेचला असेल. खाली वाकून बुडाची बोंडं काढली, उभी राहिले, आणि समोरच्या झाडावरच्या बोंडात एकच पाकळी.

पिळलेली.

मी ती काढली. हाताला सवय होती, विचार न करता काढली. पुढच्या झाडावर तशीच. त्याच्या पुढच्यावरही. चार-पाच झाडं अशी गेल्यावर मग माझ्या लक्षात आलं की आपण काय करतो आहोत. एवढ्या उन्हात दातावर दात वाजले हो माझे.

कुणीतरी आधी येऊन वेचून गेलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण तासात शिरताना मी तो नजर लावून पाहिला होता. शेवटपर्यंत भरगच्च होता. मी तिथेच उभी राहून पुढे बघत राहिले. काही हललं नाही. मग ओटी सावरायला खाली पाहिलं. समोर कापूस ओढताना वाळलेल्या बोंडाचा होतो तसा बारीकसा करकर आवाज झाला. वर पाहिलं, तर आत्ता भरलेलं दिसलेलं बोंड… एक पाकळी. झाडाचा शेंडा जरासा हलत होता. वारा पडलेला होता.

"काहून वं इमल, अशी काय उभी राह्यली?" रुखमाकाकू मागे येऊन उभी होती. माझ्या नावाने हाका मारत आली होती म्हणे, मला एकही ऐकू आली नव्हती.

मी विचारलं, "काकू, या तासात आधी कोनी आलतं काय?"

"नाई वं बाई. इकडं कोन येते मराले?" असं म्हणाली आणि तिची तिनेच जीभ चावली. मग तिची नजर बोंडावर गेली. ती पुढे झाली, पिळलेल्या पाकळीला हात लावायला गेली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"हे कमलीचं हाय," ती म्हणाली. मी नाही, ती म्हणाली. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे कुणी म्हणेल पोरीच्या डोक्यातलं खूळ होतं.

काकूने माझं मनगट धरलं. "चाल इथून. आसराची जागा हाय थे. तुमी मानत नाई, पन मी मानतो. चाल!"

मी हात सोडवून घेतला. काकू धडपडत बांधाकडे गेली आणि मी पुढे. आता मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण बाईच्या मागून जायची माझ्या पायांना सवय होती. तासाच्या मधेच ती बोंडं वळली. आडवी. कापूस वेचणारी बाई कधी तास मोडून आडवी जात नाही, हातापायांना ओरखडे येतात, झाडं मोडतात. ही मात्र इथे एक बोंड, तिथे एक बोंड, तिरपी निघाली होती, आणि मधे एकही फांदी मोडलेली नव्हती. ती वाट सरळ विहिरीकडे जात होती.

विहीर दिसल्याबरोबर मी उलटी फिरले आणि घराकडे पळत सुटले.

बाबा ओसरीवर बसले होते. त्या दिवशी बाजार नव्हता. माय चुलीपाशी. मी धापा टाकत उभी राहिले आणि मला कुठून सुरुवात करावी तेच कळेना. शेवटी तोंडातून निघालं ते असं निघालं…

"बाबा, बाईनं उष्टं ठेवलं हाय."

मायच्या हातातला चिमटा खाली पडला. "काय बोलून राह्यली पोरी!"

मला वाटलं आता बाबा मारतील. वर्षभर ज्याचं नाव निघालं नाही ते माणूस, आणि जन्मभर बंद असलेला तो शब्द, दोन्ही मी एकदम त्यांच्या पुढ्यात टाकलं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं असेल. मग भिंतीला हात टेकून उठले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि एवढंच म्हणाले, "कुठं?"

आम्ही शेतात आलो. माय डोक्यावर पदर घेऊन मागे येत होती, तिला कुणी ये म्हटलं नव्हतं. बोंडं तशीच होती. बाबांनी पहिल्या बोंडापाशी वाकून पाहिलं. ओझी उचलणारा माणूस, त्यांना कापूस ट्रकात चढवण्यापुरताच ठाऊक. पण आपल्या पोरीचं ताठ बोट त्यांना ठाऊक होतं. त्यांनी त्या पाकळीचा पीळ नखाने हळूच उलगडला आणि तो आपोआप पुन्हा बसला. ते तसेच पुढे चालू लागले.

तिरप्या वाटेने आम्ही विहिरीच्या नाल्याकडच्या बाजूला निघालो. त्या बाजूला कुणीच जात नसे. बाईला काढलं तेही पलीकडून, मोटेच्या बाजूने. इकडे घाणेरी आणि पुरुषभर गवत, आणि त्यातून वर आलेलं देवकापसाचं मोठं झाड. आपली शेतातली पऱ्हाटी दर वर्षी उपटतात. देवकापूस वर्षानुवर्षं उभा राहतो आणि त्याचा कापूस मऊ, लांब धाग्याचा. बायका देवाच्या वातींसाठी तो नेतात. हे झाड मात्र आसरांचं, म्हणून त्याला कुणी हात लावत नसे. सगळ्या फांद्या फुटलेल्या बोंडांनी लवल्या होत्या.

त्यातली एक फांदी विहिरीच्या बाजूला झुकली होती. तिच्या टोकाला एक बोंड आणि त्यात एक पिळलेली पाकळी. ती घ्यायला मी गवतात पाऊल टाकलं.

"मांगं सर, इमल!" बाबा ओरडले आणि काठी आडवी घालून मला मागे ढकललं. "तिथं भुई नाई!"

त्यांनी काठीचं टोक माझ्यासमोरच्या गवतात खुपसलं. काठी कशालाच टेकली नाही. गवताचा झुपका खाली कलला आणि खालून पाण्यात दगड पडल्याचा आवाज आला. कडेची बांधणी आतून केव्हाच निसटली होती. वर नुसतं गवत, खाली विहीर. आणि देवकापसाचं एक जाड मूळ त्या फटीत तुटून लोंबत होतं, वर्षभरापूर्वी तुटलेलं, वाळून काळं पडलेलं.

बाबा काठी तशीच धरून उभे होते. ओठ हलत होते. आपण काय बोललो ते त्यांना मागाहून ऐकू आलं असावं. "तिथं भुई नाई," ते पुन्हा म्हणाले, पण या वेळी मला उद्देशून नाही. आणि मग ते खाली बसले. एकदम, पोतं पाठीवरून टाकावं तसे.

तिने उडी मारली नव्हती. ती कापूस घेत होती.

पण कशासाठी? त्याचं उत्तर मायला सापडलं. ती आमच्यापाशी न थांबता पलीकडे, मोटेचं पाणी जिथे पडायचं त्या दगडी थारोळ्याकडे गेली होती. कुणाला दिसलं नव्हतं ते तिला दिसलं. थारोळ्याच्या फुटक्या शिळेखालून निळं टोक बाहेर आलं होतं. मायने शिळेखाली हात घातला आणि ओढून काढलं. बाईचा शाळेचा स्कर्ट. उसवून, कापून, तीन बाजूंनी शिवलेला. चौथी बाजू उघडी, कडेला गंजलेली सुई टोचलेली. आत कापूस भरलेला.

उशी होती ती.

माय ती छातीशी धरून बाबांसमोर येऊन बसली. आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"तुमच्या पोत्याचं माप घेतलं होतं तिनं," माय म्हणाली. "तुमी झोपले होते. झगडा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. ईतीनं मोजून राह्यली होती. मी इचारलं, काय करतं वं? तं म्हने, काई नाई. तिच्या गालावर तुमचे बोटं तसेच होते अजून."

बाबा रडले. मी बाबांना रडताना तेव्हा पाहिलं आणि नंतर कधीच नाही. "कमल," म्हणाले. "कमल… माह्यी कमल." वर्षभराचं साचलेलं नाव, ते पुन्हा पुन्हा घेत राहिले. माय त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली होती.

मग उशीत हात घालून मायने कापूस चाचपला आणि तिचा चेहरा बदलला. तिने मूठभर कापूस बाहेर काढला. वर पांढराशुभ्र, लांब धाग्याचा देवकापूस, त्याला पाचोळ्याचा बारीक चुरा चिकटलेला, अजून ओलसर हिरवा. आणखी खोल हात घालून दुसरी मूठ काढली. ती पिवळी, कुबट. पावसाळा खाल्लेली.

मायने दोन्ही मुठी शेजारी शेजारी धरल्या. तिचं सगळं आयुष्य कापूस वेचण्यात गेलेलं. "हा मांगच्या सालचा," ती पिवळ्या मुठीकडे बघून म्हणाली. पांढरी मूठ तिने बाबांपुढे धरली.  देवकापूस त्या वर्षीचा फुटून आठवडाही झाला नसेल.

उशी जवळजवळ भरली होती. बोटभर जागा उरली होती, तेवढीच.

बाबा उठले. डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी कमरेला बांधला, बायका ओटी बांधतात तसा. मला कळेना हे काय करताहेत. ते त्या तिरप्या वाटेने परत निघाले आणि प्रत्येक बोंडापाशी थांबून त्यातली पिळलेली पाकळी काढू लागले. हमालाची जाड बोटं, त्यांना ते जमत नव्हतं. दोनदा बोंडाची टोकं टोचून रक्त आलं. मी पुढे होऊन म्हटलं, "बाबा, राहू द्या. उष्टं मी वेचतो."

त्यांनी मागे वळून पाहिलं. रागावले नाहीत.

"उष्टं नोको मनू," ते म्हणाले. "ठेवेल हाय थे."

ज्यांना आमची बोली कळत नाही त्यांच्यासाठी… ठेवेल म्हणजे ठेवलेलं. घरातलं कुणी उशिरा येणार असलं की माय भाकरी झाकून ठेवते ना, ते.

विहिरीवरचं ते टोकाचं बोंड तेवढं राहिलं. त्याला कुणाचाच हात पोचत नव्हता.

त्या संध्याकाळी मायने उशीचं तोंड शिवलं. बाबांनी तसबिरीसमोर वंदना म्हटली, शेवटी बाईचं नाव घेतलं, आणि ती उशी मानेखाली घेऊन आडवे झाले. सकाळी मी चहा घेऊन गेले तरी ते झोपलेलेच. मी घाबरून छातीला कान लावला. नुसती झोप होती.

पुढचं लवकर सांगते. मला पुन्हा शाळेत घातलं. मॅट्रिक झाल्यावर बाबांनी स्थळाचं नावही काढलं नाही. माझी ट्रंक खांद्यावर घेऊन स्वतः मला अकोल्याला ट्रेनिंगला पोचवून आले. रुखमाकाकूने ती विहीर त्याच उन्हाळ्यात बुजवली, देवकापसाचं झाड तेवढं ठेवलं. त्यानंतर अनेक वर्षं मी सुट्टीत वेचणीला गेले, नाल्याकडचे तास मागून घेतले. तसं बोंड पुन्हा कधी दिसलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, पोरीने दुःखाच्या भरात स्वतःच वेचलं आणि तिला भान नव्हतं. मीही म्हणून पाहिलं. नोकरीत अशी माणसं पाहिली आहेत, होतं तसं. पण माझी दहाही बोटं नीट वाकतात. मी उजव्या हाताचं तेच बोट फडक्याने बांधून, ताठ धरून किती बोंडं ओढून पाहिली… पाकळी तुटते, पीळ बसत नाही. आणि मीच वेचलं असेल, तर विहिरीवरच्या हवेतलं ते बोंड मी कुठे उभं राहून वेचलं? उशीतला ताजा कापूस कुणी भरला? कुणी म्हणेल रुखमाकाकूने. आसरांना भिणारी ती बाई! स्पष्टीकरण असेल तर द्या, टोमणे मारू नका. माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

बाबा गेले तेव्हा ती उशी त्यांच्या डोक्याखाली होती. ती आता माझ्याकडे आहे. स्कर्टचा निळा रंग उडून गेला, कापूस दगडासारखा झाला. परवा माझी लेक घर आवरायला आली होती. उशी दाबून पाहिली आणि म्हणाली, "आई, अगं काय हे! दे, पिंजून नवीन कापूस भरून आणते." मी तिच्या हातातून ती हिसकावूनच घेतली. ती बघतच राहिली. कशासाठी एवढी जपतेस, तिने विचारलं.

एवढी वर्षं शहरात काढली, बोली कधीच सुटली होती. पण तोंडातून आलं ते बाबांचंच…

"ठेवेल हाय."